कँटीनच्या भिंतीवरचा बिरू

मला राग पटकन येतो, हे आधीच सांगून ठेवते. घरी येतो, बसमध्ये येतो, गेटवरच्या सिक्युरिटीशी बोलताना तर हमखास येतो. फक्त ज्या दिवशी यायला हवा होता त्या दिवशी आला नाही. त्या दिवशी मी तोंडाला कुलूप लावून टाळ्या वाजवत बसले.

मी रुपाली. चाकणला एका जर्मन कंपनीत नऊ वर्षं ऍडमिन सांभाळते. गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या बनतात आमच्याकडे. पाण्याच्या टँकरपासून परदेशी पाहुण्यांच्या व्हिसापर्यंत सगळं माझ्याच गळ्यात, आणि वर दुभाष्याचं काम फुकट. साहेब इंग्रजीत बोलणार, कामगार मराठीत, आणि मध्ये मी.

मागच्या वर्षी योहान ब्रेनर प्लांट हेड म्हणून आले. अठ्ठावन्न वर्षांचा उंच माणूस, चेहऱ्यावर कायम थोडी काळजी. त्यांच्या आधीचे दोन साहेब वाकडच्या विसाव्या मजल्यावरून उतरायचे, गाडीत बसायचे, प्लांटला यायचे आणि संध्याकाळी परत वर जायचे. चाकण त्यांनी काचेतूनच पाहिलं. ब्रेनरसाहेब तसे नव्हते. ज्यांच्याबरोबर काम करायचं त्यांच्या रीतीभाती कळायला हव्यात, असं त्यांचं ठाम मत. त्यासाठी जर्मनीत दोन आठवड्यांचा कोर्स करून आले होते. चपला बाहेर काढायच्या, जेवताना उजवाच हात, बाईमाणसापुढे आपण होऊन हात करायचा नाही, सगळं पाठ. रविवारी ड्रायव्हर बाळूला घेऊन कामगारांच्या घरी जायचे, सतरंजीवर मांडी घालून पोहे खायचे. मला कौतुक वाटायचं, खोटं कशाला बोलू?

त्या घरांमधून त्यांनी एक गोष्ट टिपली. प्रत्येक घरात दर्शनी भिंतीवर एक फोटो, त्याला चंदनाच्या ढलप्यांचा हार आणि खाली छोटा लाल बल्ब. साहेबांनी विचारलं, हे कोण? घरचे म्हणाले, आमचे वडील, आज आम्ही जे काय आहोत ते यांच्यामुळे. कुणीच असं म्हणालं नाही की वडील वारलेत. सांगायचं कशाला? चंदनाचा हार पाहिल्यावर आपल्याकडे दोन वर्षांच्या पोरालाही कळतं. बाळूही गप्प राहिला. साहेबांनी आपल्या मनाशी हिशेब मांडला की इथे माणसाला सर्वांत मोठा मान द्यायचा तर तो असा देतात.

आणि मान द्यायला त्यांना माणूसही मिळाला.

बिरू आमच्याकडचा डाय सेटर. म्हणजे चारशे टनी प्रेसमध्ये पोलादाचा साचा बसवणारा. आंबेठाणच्या पुढच्या वाडीतला, चाळिशीचा, दोन मुलींचा बाप. घरी बायको आणि म्हातारी आई, तानाबाई. जानेवारीत एकदा त्याने चालू प्रेस थांबवली आणि म्हणाला, आवाज बदललाय, साच्याला चीर गेलीय. बाकी कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं. साचा उघडला तर खरोखरच आत केसाएवढी चीर. आणखी शे-दोनशे ठोके बसले असते तर साचा फुटून समोरच्याच्या अंगावर आला असता, आणि जर्मनीची ऑर्डरही गेली असती. ब्रेनरसाहेबांनी बिरूचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला होता किती तरी वेळ.

सत्कार सोमवारी अकरा वाजता ठरला. मी त्याआधीचे चार दिवस सासूबाईंच्या मोतीबिंदूपायी तळेगावला रजेवर. सोमवारी सकाळी आले ते धावतपळत. टेबलावर बाळूची मागणीची चिठ्ठी पडली होती: फ्रेम एक, हार एक, बल्ब एक. हार म्हटल्यावर मला झेंडूचा वाटला, गळ्यात घालायचा. सही ठोकून दिली.

कँटीनमध्ये तीनशे माणसं, पुढच्या रांगेत जर्मनीहून आलेले चार पाहुणे. साहेबांनी भिंतीवरचा पडदा ओढला. आत बिरूचा फोटो, त्याच्या ओळखपत्रावरचाच, मोठा केलेला. रंगीत फोटो साहेबांना हलका वाटला म्हणून काळापांढरा. त्याला चंदनाचा हार आणि खाली लाल बल्ब, चालू.

मागच्या बाजूला कुणाची तरी वाटी खाली पडली आणि गोल फिरत राहिली, तेवढाच काय तो आवाज. मी एचआरच्या अर्जुनरावांकडे पाहिलं. ते ओठ न हलवता पुटपुटले, "आत्ता नको मॅडम. पाहुणे बसलेत. नंतर हळूच काढून घेऊ." आणि त्यांनी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली. मीही वाजवली. साहेबाचं चारचौघांत चुकलं हे तोंडावर सांगायचं नाही, हे आम्हाला कुठल्या कोर्समध्ये शिकवावं लागत नाही.

बिरू फोटोखाली उभा होता. आधी हसला, मग वर पाहिलं, मग पुन्हा हसला, पण ते दुसरं हसू काही खरं नव्हतं.

"घ्या मॅडम," मला म्हणाला, "जित्तेपणीच हार. लोकांना मेल्याबिगर भेटत न्हाई."

"गप रे मेल्या," असं माझ्या तोंडून निघून गेलं, आणि मी जीभ चावली.

अर्जुनरावांचं 'नंतर' काही उगवलं नाही. पाहुणे शनिवारपर्यंत होते. सत्काराचा फोटो जर्मनीच्या ऑफिसात फिरला, तिकडून अभिनंदनाच्या मेल आल्या. साहेब खुशीत. मंगळवारी दुपारी कँटीन रिकामं पाहून मी हाउसकीपिंगच्या बायकांना म्हटलं, उतरवा गं तेवढा. त्यांनी सरळ झाडू खाली ठेवले. "आमी न्हाई हात लावायच्या," म्हणाल्या. "घातलेला हार बदलत्यात मॅडम. काढत न्हाईत." मला तिडीक गेली. म्हटलं, मीच काढते. स्टुलावर चढले, हात वर केला, आणि कशाला खोटं बोलू, हात पुढे जाईना. बिरू फोटोतून बघत होता आणि तोच बिरू पन्नास पावलांवर शॉपमध्ये काम करत होता. मी उतरले आणि स्टूल जागेवर ठेवून दिलं.

गुरुवारी फोटोपुढे चहाचा कप दिसला. कुणी ठेवला ते कुणी सांगेना. बिरूला लागायचा तसाच होता, कडक आणि बिनसाखरेचा. शुक्रवारी तिथे उदबत्ती लावलेली होती.

त्याच शुक्रवारी बिरू अर्धा तास उशिरा आला, घामाघूम. बस त्याला न घेताच निघून आली होती. मी ड्रायव्हरला झापलं. तो बिचारा कळवळून म्हणाला, "मॅडम, शपथ घेऊन सांगतो. स्टॉपवर तिघंच होते. तिघं चढले, मी दार लावलं." आणि बिरू म्हणत होता की त्या तिघांच्या मागे तो होता, पाय उचललेला होता. ते तिघं विचारल्यावर जमिनीकडे बघायला लागले.

जेवणाच्या रांगेत वाढपी त्याच्या पुढच्याला वाढायचा आणि त्याच्या मागच्याला वाढायचा. बिरूने ताट आपटलं की दचकून म्हणायचा, अरे भाऊ, दिसला नाहीस. असं एकदा नाही, रोज. सोमवारी हजेरीच्या मशिनने त्याचा अंगठा घेतला नाही. दहाही बोटं लावून झाली. तेलात काम करून बोटं झिजतात, होतं असं, म्हणून मी त्याची हजेरी हाताने लिहिली.

बिरू बारीक होत चालला होता. बोलायचा कमी. मी म्हटलं, "अरे, योगायोग आहे सगळा. मनाला लावून घेऊ नकोस."

तो म्हणाला, "काल धाकटी पोरगी माज्या पुढ्यात बसून आयला इचारत होती, पप्पा कधी येणार."

मी समोरचं हजेरीचं रजिस्टर मिटलं.

मंगळवारी अकराच्या सुमाराला मी शॉपमध्ये अग्निशामक नळकांडी मोजत होते. चारशे टनी प्रेसच्या तोंडाशी न दिसणाऱ्या किरणांचा पडदा असतो. त्यात हात गेला की मशीन जागच्या जागी थांबतं. बोट गेलं तरी थांबतं, नुसता रुमाल गेला तरी थांबतं. बिरू साच्यातला अडकलेला तुकडा काढायला वाकला, हात आत घातला. मशीन थांबलं नाही. वरचा चारशे टनांचा दणका सरळ खाली आला. बिरूने हात ओढला कसा ते त्याचं त्यालाच ठाऊक. हातमोज्याच्या दोन बोटांची टोकं साच्यात राहिली, कागदासारखी सपाट.

सुपरवायझर सुजितने ओरडून प्रेस बंद करवली. मग ती पुन्हा चालू करून त्याने स्वतः हात घालून पाहिला: थांबली. फडकं घातलं: थांबली. ऑपरेटरने घातला: थांबली. शेवटी सुजित म्हणाला, बिरूभाऊ, लांबून, फक्त किरणांपर्यंत, हळूच. बिरूने हात पुढे केला. हिरवा दिवा हिरवाच राहिला, लाल झालाच नाही. आणि प्रेस त्याच्या हातासमोर खाली-वर, खाली-वर करत राहिली.

बिरू माझ्याकडे वळला. त्याचा आवाज अगदी शांत होता. "मॅडम, ह्येला मी दिसत न्हाई."

मी तशीच वर गेले. साहेबांच्या केबिनचं दार वाजवायचंही भान राहिलं नाही. नऊ दिवस गिळलेलं सगळं बाहेर पडलं. चंदनाचा हार कुणाला घालतात ते सांगितलं. आम्ही तीनशे जण जाणूनबुजून गप्प बसलो, हेही सांगितलं. साहेब म्हणाले, "पण तो जिवंत आहे. सगळ्यांना माहीत आहे. मग एका हाराने काय होतं?"

तेव्हा मला तो केक आठवला. मार्चमध्ये साहेब वाढदिवसालाच जर्मनीला निघणार होते, म्हणून आम्ही दोन दिवस आधीच केक आणला होता आणि शुभेच्छांचं गाणं सुरू केलं होतं. साहेबांनी सुरी खाली ठेवली होती. आमच्याकडे दिवस यायच्या आधी शुभेच्छा देत नाहीत, म्हणाले होते, मग तो दिवस येतच नाही असं मानतात. केक तसाच परत गेला होता.

"सर," मी म्हटलं, "तुम्ही केक का कापला नाहीत?"

साहेबांचा चेहरा पडला. मग म्हणाले, "मला कुणी थांबवलं का नाही?" याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते देण्याची लाज वाटली.

ते उठले, कँटीनमध्ये गेले, स्वतःच्या हाताने फोटो उतरवला, हार काढला. हार बाळूकडे दिला, इंद्रायणीत सोडून ये म्हणून सांगितलं. बिरूला बोलावून सगळ्यांसमोर माफी मागितली. मी मराठीत सांगितलं. बिरूने मान डोलावली. जाता जाता साहेब मला म्हणाले, सेन्सर उद्या नवा बसेल, ते मशीनचं प्रकरण आहे, हे माणसांचं, दोन्ही एकात घालू नकोस. मला हायसं वाटलं. खूप दिवसांनी त्या संध्याकाळी मी नीट जेवले.

बुधवारी सकाळी नवा सेन्सर बसला. नवव्या मिनिटाला सुजितचा फोन आला. "मॅडम, तेच. त्याच्यासाठी थांबत नाही."

बिरूला प्रेसपासून काढून गेटपाशी बाकावर बसवलं. दहाच्या सुमाराला त्याची आई आली. तानाबाई, सत्तरीची, डोक्यावरून पदर, हातात भाकरीचं फडकं. सिक्युरिटीला न जुमानता आत आली होती. मी खाली गेले.

"तू ती मॅडम व्हय?" तिने विचारलं.

"हो आजी. फोटो कालच काढलाय, साहेबांनी स्वतः."

"आज कितवा दीस हाय, मोजलास?"

मी बोटांवर मोजलं. त्या सोमवारपासून आज दहावा. दहावा म्हणजे दशक्रियेचा.

म्हातारीने बाकावर फडकं सोडलं. भाकरी, वर वांग्याचं कोरड्यास. "खा लेकरा," म्हणाली. बिरूने हात पुढे केला, आणि तेवढ्यात कंपाउंडवरून कावळा आला. दशक्रियेला घाटावर तासन् तास हात जोडून बसावं लागतं, गेलेल्याची इच्छा विचारावी लागते, तेव्हा कुठे कावळा शिवतो. इथे कुणी बोलावलं नव्हतं. तो आला, बिरूच्या मांडीशेजारी उतरला, बिरूकडे अजिबात न बघता भाकरीला चोच मारली आणि घास घेऊन गेला.

तानाबाईने बिरूचं मनगट पकडलं, लहान मुलाला रस्ता ओलांडताना पकडतात तसं. मग मला म्हणाली, "मला ती भिंत दाव."

कँटीनमध्ये साहेब आधीच येऊन उभे होते. भिंतीवर खिळा होता आणि नऊच दिवसांत कसा कोण जाणे, फोटोएवढा चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा जरा उजळ दिसत होता. तानाबाई त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"फोटू काढला, पर जागा ऱ्हायलीया," ती म्हणाली. "जागा केली की ती कुणाला तरी मागती. दुसरं कुनी आलं न्हाई, तर ज्याला आधी बोलावलं त्योच जायचा. आजच्या दिसात."

साहेबांनी मला विचारलं, आई काय म्हणते? मी शब्दाला शब्द सांगितलं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं, कोर्समध्ये शिकवलं असेल तसं, मध्ये न बोलता. मग म्हणाले, "चूक माझी होती. तर मग फोटो माझा लावा. चालेल का त्यांना?"

ते थोडेसे हसले होते. चेष्टेने नाही हो, अगदी मनापासून. एका म्हाताऱ्या आईची समजूत पटावी म्हणून एक चांगला माणूस दोन पावलं पुढे येत होता. त्यांच्या दृष्टीने तो भिंतीवरचा एक फोटो होता.

मी तानाबाईला सांगितलं. तिने मान वर करून साहेबांकडे पाहिलं. इतका वेळ ती त्यांच्याकडे बघतही नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ह्यालाबी आई आसंल की गं," ती म्हणाली. आणि मला विचारलं, "आगं, ह्यो काय बोलतोय, त्याला कळतंय का? नीट इचार त्याला. कळून बोलत आसंल तरच."

मी साहेबांकडे वळले. विचारायचं एवढंच होतं: सर, ही जागा खरंच माणूस घेते असं या बाई म्हणतात, तुम्हाला ते कळलंय का? एका वाक्याचं काम. साहेब वाट बघत होते. बिरू दाराशी उभा होता, आणि खरं सांगते, दाराच्या चौकटीपुढे तो मला नीट दिसत नव्हता. उन्हाने असेल. त्याच्या कडा पुसल्यासारख्या झाल्या होत्या. मला त्याच्या दोन पोरी आठवल्या. मला माझी सही आठवली.

मी साहेबांना विचारलं, "सर, नक्की ना?"

"अर्थात," साहेब म्हणाले.

मी तानाबाईला म्हटलं, "व्हय आजी. कळतंय त्यांना."

तिने पुढे होऊन साहेबांच्या चेहऱ्यावरून हात उतरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. साहेबांना ते फार आवडलं. विचारलं, याचा अर्थ काय? मी म्हटलं, आशीर्वाद.

साहेबांचा फोटो रिसेप्शनमधून आणला. हार बाळूने सोडलाच नव्हता, पुलावरच्या ट्रॅफिकला कंटाळून तो गाडीच्या डिकीत घेऊन फिरत होता. फोटो खिळ्यावर लावला, पण हार घालायला कुणी पुढे होईना. बाळू मागे सरकला. म्हातारीचा हात पोहोचेना. मग मीच स्टुलावर चढले. आठ दिवसांपूर्वी जो हात पुढे गेला नव्हता तो या वेळी सुरळीत गेला. हार व्यवस्थित बसवला, दोन्ही बाजू सारख्या केल्या.

मी उतरते न उतरते तोच, बातमी ऐकून सुजित पळत आला. बिरूला ओढत शॉपमध्ये नेलं. बिरूने हात पुढे केला आणि प्रेस जागच्या जागी थांबली. लाल दिवा लागला. पोरांनी शिट्ट्या मारल्या, कुणी तरी बिरूला खांद्यावर घेतलं. तानाबाई तिथे तेलकट फरशीवरच बसली आणि मोठ्याने रडली. मीही रडले. बिरू जिवंत होता, सगळ्यांना दिसत होता, ह्याहून जास्त मला त्या वेळी काही नको होतं.

याला आता नऊ दिवस झाले.

काल दुपारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. लॅपटॉप समोर उघडा होता. म्हणाले, "गंमत बघ. आठवडाभर मुलीशी व्हिडिओ कॉल लागतोय, तिचं मला सगळं दिसतं. पण तिला माझी खुर्ची दिसते, मागची भिंत दिसते, खिडकी दिसते. मी दिसत नाही. काल ती रडायला लागली. म्हणाली, पप्पा, तुम्ही समोर येऊन बसा ना." साहेब हसले. "आयटीवाले म्हणतात कॅमेरा ठीक आहे."

मग त्यांनी लॅपटॉप मिटला. "रुपाली, मला एक सरळ सांग. त्या फोटोबाबत माझं काही समजून घ्यायचं राहिलं आहे का? एकदा मी न विचारता चूक केली, म्हणून आता विचारतोय. असं काही असेल तर मी तो आत्ता खाली उतरवतो."

त्यांनी उतरवला असता. तेवढं मला माहीत होतं. आणि खिळा पुन्हा रिकामा झाला असता.

काचेपलीकडे खाली आवारात बिरू उभा होता. मोठ्या पोरीला शाळेच्या स्पर्धेत नंबर मिळाला म्हणून पेढे वाटत होता. ज्याला त्याला बळेच दुसरा पेढा देत होता, आणि लोक घेत होते, त्याच्या पाठीवर थाप मारत होते.

"नाही सर," मी म्हटलं. "काही राहिलेलं नाही. असू दे तो फोटो. लोकांना बरं वाटतं."

"मग ठीक आहे," साहेब म्हणाले. "थँक यू. तू नसतीस तर मला इथलं काहीच कळलं नसतं."

मी दाराशी जाऊन, काही तरी म्हणावं म्हणून मागे वळले. टेबल होतं, मिटलेला लॅपटॉप होता, खुर्ची होती. साहेब तिथेच बसले असणार. पण पहिल्या नजरेला मला नुसती खुर्चीच दिसली, आणि मी दुसऱ्यांदा बघायला थांबले नाही.